रुईची सदरी

४ नोव्हेंबर

नाहीद काल गेली. जाताना ही डायरी हातात देऊन म्हणते, "अम्मी, तू दिवसातून धा खेपा फोन करशील तर मी काम कधी करू? जे बोलावंसं वाटते ते यात लिही, आणि रात्री एकच फोन कर." पोट्टी मले गप्प बसवायची सोय करून गेली. बरं, लिहू. घरात आम्ही हिंदी, मराठी, तोंडात येईल ते बोलतो, पण लिहायचं म्हटलं की मले मराठीच येते. शाळा मराठी होती.

पहिले हेच लिहून ठेवते की मले हे जाणं पसंत नव्हतं. तिनं डिप्लोमा केला खाणीच्या मोजणीचा. आजूबाजूले खाणीच खाणी आहे, माजरीले जा, नाई तर इथंच बल्लारपुरात पाहा. नाई. लडाखात, द्रासकडं, डोंगरातून बोगदा काढून राह्यले, तिथी जाते. तिथली थंडी म्हणे उणे वीस, उणे पंचवीस. उणे म्हणजे आंगाले कसं लागते ते मले समजतच नाई. आमच्या इथी पारा वर किती चढला तेवढंच पाह्याची सवय.

पण लेकराले हवामानापासून वाचवणं मले कळते. तिचे पेपर दर मे महिन्यात. सत्तेचाळीस डिग्री ऊन, रस्त्यावर कुत्रं दिसत नाई. मी सुती दुपट्टा माठाच्या पाण्यात बुडवून, पिळून, तिच्या डोक्यातोंडाले बांधून देत होती. चंद्रपूर येईपर्यंत डोकं थंडगार. तिच्या मैत्रिणी टेरिकॉटचे झगमग कपडे घालून भोवळ येऊन पडल्या, माह्यी पोरगी एकदाही पडली नाई. कापसाची करामत आहे ती.

आम्ही पिंजारी. नाहीदचे अब्बा, कय्यूम (लिहिताना नाव घेतलं तर काय होते), गादी-रजईच्या दुकानात रुई पिंजते आणि मी टाके घालते. म्हणून ती जाते म्हटल्यावर मी रडत बसली नाई, सदरी करायले बसली. कोरपन्याकडचा चांगला कापूस ह्यांनी धुनून देल्ला, मी मऊ सुती अस्तर घेतलं, आत रुई भरली, बोटभर अंतरावर टाके घातले. बिनबाह्यांची, मानेपर्यंत बंद. काल गाडी हलली तेव्हा नाहीदनं खिडकीतून सदरीची पिशवी दाखवली. तेवढं पाहून घरी आली.

७ नोव्हेंबर

पोचली. दिल्लीहून विमान, मंग गाडी. पहिले काही दिवस नुसतं पडून राह्याले लावलं म्हणे, तिथली हवा पातळ असते. हवा पातळ! मी म्हटलं वरण असते पातळ. हसली. आवाज जवळचा वाटला.

१३ नोव्हेंबर

आज फोनवर भांडण झालं आणि मी जिंकली.

कंपनीनं कपडे देल्ले. आंगाले चिकटून एक नायलॉनसारखा बनियन. त्यावर लोकरीचा जाड स्वेटर. त्यावर वारा अडवणारं जाकीट. हातमोजे एकात एक दोन, पायमोजे दोन, बूट एक नंबर मोठे, म्हणजे आत बोटं हलली पायजे. टोपी कानाखालपर्यंत. इथवर सगळं ठीक. मंग म्हणते, "साहेबानं पहिल्याच दिवशी सांगतलं, कामावर जाताना आंगात सुती काही घालायचं नाई."

मले हसूच आलं. ज्या साहेबाले रुई माहीत नाई तो थंडीचं काय सांगंल? माह्या सासऱ्याच्या बापापासून आम्ही लोकांच्या थंड्या काढून राह्यलो. नाहीद म्हणे, "अम्मी, नियम आहे वो." मी म्हटलं, "नियम कंपनीचा आहे, आंग माह्या लेकीचं आहे." स्वेटर तिले टोचते हे मले माहीत आहे. शाळेचा स्वेटर रस्त्यातच काढून दप्तरात कोंबत होती, मानेवर लाल पुरळ यायची. सात वर्षांची होती तेव्हापासून मी तिच्यासाठी टोचणारी वस्तू घरात आणली नाई. मी विचारलं, "सदरी टोचते का?" म्हणे, "नाई." "मंग?"

तरी ती नाई नाई करत होती. शेवटी मी थोडीशी रडली. जास्त नाई, जेवढं लागते तेवढंच. "बरं बाई, स्वेटरच्या जागी सदरी घालते," म्हणाली.

१९ नोव्हेंबर

फोटो पाठवला. मागं पांढरा डोंगर, पुढं माह्यी पोरगी, तोंडभर हसून राह्यली, जाकिटाची चेन उघडी आणि आत सदरी! निळ्या अस्तरावर माह्ये टाके स्पष्ट दिसते. गल्लीत सगळ्याईले दाखवला. रुखमाबाई म्हणे, "खुर्शीदाबाई, तुमची पोरगी तर मिल्ट्रीवाली दिसते." मीराबाईनं विचारलं, आमच्या जावयाले एक करून द्याल का, तो पहाटे गाडीनं खाणीत जाते. मी म्हटलं, देईन की.

नाहीदचे अब्बा दुकानात फोन उघडून फोटो परत परत पाहत होते.

२ डिसेंबर

इथी पण थंडी पडली यंदा. सकाळी नळाचं पाणी हाताले चावते. पेपर मिलच्या पहिल्या पाळीचे माणसं मोटरसायकलवर जाते तर छातीवर, शर्टाच्या आत, पेपर घडी करून घालते. कागदाच्या गावात तेवढं तरी फुकट भेटते. मफलर, त्यावर टोपी, त्यावर हेल्मेट, फक्त डोळे दिसते. मी ओट्यावर शेकत बसून पाहते आणि मनात म्हणते, तुम्ही आठ-नऊ डिग्रीत हे नाटक करून राह्यले, माह्यी पोरगी पाहा.

दुकानात हंगाम आहे. ह्यांच्या भुवयांवर दिवसभर रुई.

६ डिसेंबर

काल नाहीदनं फोन उचलला नाई. आज दुपारी ह्यांच्या फोनवर तिचा फोन आला, माह्या नाई. हे उठून दुकानामागं गेले बोलायले. परत आले तर म्हणे, "रेंज नाई तिकडं, ठीक आहे ती, सर्दी झाली." मी म्हटलं, रेंज नाई तर इतका वेळ कायचं बोलत होते? म्हणे, "तुटत होता ना फोन, म्हणून वेळ लागला."

रात्री जेवले नाई. डोळे लाल. रुईची धूळ गेली असंल. किती खेपा सांगते, तोंडाले रुमाल बांधत जा.

९ डिसेंबर

व्हिडिओवर बोलली एकदाची. चेहरा थोडा उतरला, नाक लाल. पण सवय बिघडली पोरीची. सारा वेळ डावा हात खिशात. मी म्हटलं, "आईसंग बोलताना खिशात हात घालून उभी राह्यते का कोणी? हिरो आहे का तू?" म्हणे, "थंडी आहे वो अम्मी." हात मात्र बाहेर काढला नाई. आता मेसेज पण लिहून पाठवत नाई, बोलूनच पाठवते. लिहायचा कंटाळा.

मी विचारलं, "सदरी घालते ना?" मंग म्हणे, "तुह्यी सदरी रात्री डोक्याखालीच असते अम्मी. त्याशिवाय झोप येत नाई."

इतका जीव लावला तिनं सदरीवर! फोन ठेवल्यावर मी थोडी रडली. हे रडणं खरं होतं.

१५ डिसेंबर

गोड बातमी. दीपालीची पण तिथंच निवड झाली. दीपाली म्हणजे नाहीदच्या मागची, पॉलिटेक्निकचीच. गाव गडचिरोलीत, धानोऱ्याच्या पुढं जंगलात. होस्टेलवर राह्याची, सुटीत गावाची बस चुकली की आमच्याच घरी यायची. दर ईदले शीरखुर्मा खायले हजर. जानेवारीत निघते. गाडी आमच्याच बल्लारशा स्टेशनाहून, म्हणून आदल्या दिवशी बापासंग आपल्याच घरी मुक्काम.

मी लगेच नाहीदले सांगतलं की दीपालीले पण सदरी करते. तर काय म्हणावं या पोट्टीले! म्हणे, "नको करू." काऊन? म्हणे, "तिचं माप कुठून आणशील?" अवो, तीन वर्षं माह्या हातचं खाल्लं तिनं, माप मले डोळ्यानं माहीत आहे. मंग म्हणे, "तुह्ये डोळे दुखते, कायले त्रास घेते." मंग म्हणे, "कंपनी देते ना सगळं."

समजलं मले. जळली. आईनं दुसऱ्या पोरीसाठी सदरी शिवली तर हिची एकटीची राह्यत नाई ना. इतकी मोठी झाली, बोगदे मोजते, पण मन तेच लहानपणचं. मले राग यायच्या जागी लाडच आला.

२१ डिसेंबर

ह्यांचं काय चालू आहे मले समजत नाई. आठ दिवसांपासून सदरीपुरती रुई मागून राह्यली. पहिले म्हणे मशीन बिघडली. मशीन चालूच आहे, आवाज माह्या कानात बसला. मंग म्हणे चांगली रुई संपली. कापसाच्या दुकानात कापूस नाई म्हणते हा माणूस! आज म्हटलं, मीच पिंजते, सरका. तर म्हणे, "खुर्शीदा, दीपालीले दुसरं काही दे ना. लोणचं दे."

लोणचं घालते का कोणी आंगात?

२८ डिसेंबर

झाली सदरी. रुई मी स्वतः पिंजली. ह्यांनी शेवटी मान खाली घालून अस्तर कापून देल्लं. हिरवं अस्तर, लाल टाके. नाहीदच्यापेक्षा थोडी जाडच झाली. खरं सांगू, जास्त चांगली झाली.

७ जानेवारी

दीपाली आणि दसरूभाऊ दुपारी आले. दसरूभाऊ म्हणजे बारीक, काळा, कमी बोलणारा माणूस. जंगलचा मध आणला बाटलीभर. पोरगी पहिल्यांदा एवढ्या लांब चालली तर बापाचे हात एका जागी राहत नाई, सारखा बॅगेचे पट्टे सोडते आणि बांधते.

बॅगेत एक काळी घोंगडी. दीपालीच्या मायनं, सोमारीबाईनं, देल्ली. कुरमार लोकांचा मेंढ्यांचा कळप दरसाल त्यांच्या वावरात बसते, त्यांनीच विणलेली. दीपाली म्हणे, "काकू, ही इथंच ठेवू का? वास मारते वो. तिकडच्या पोरी हसतील." मी हात लावून पाह्यलं. हाताले काट्यासारखी. मी म्हटलं, "ठेव माय, कोण घालते असलं आंगात. तुह्यासाठी मी काय केलं पाहा." आणि सदरी काढली.

तिनं तिथंच घातली. काय सुंदर दिसत होती! दसरूभाऊ घोंगडीची घडी मांडीवर घेऊन बसला होता. म्हणे, "हिच्या मायनं देल्ली होती," आणि घडीवरून हात फिरवत राह्यला. मले वाटलं, बिचाऱ्याले बायकोची वस्तू मागं ठेवायची म्हणून वाईट वाटते. मी म्हटलं, "भाऊ, रुईसमोर घोंगडी काय करंल?"

हे उठून दुकानात गेले.

८ जानेवारी

आजचं सगळं लिहिते.

सकाळी चहा चालू होता. दीपाली माह्यं मन राखायले सकाळपासूनच सदरी घालून बसली होती. नाहीदचा फोन आला, माह्या फोनवर, कामाच्या वेळी. ती कधी दिवसा करत नाई.

"अम्मी, दीपालीनं सदरी घातली का?"

"घातली ना, थांब, दाखवते कशी दिसते."

"काढायले लाव."

मी म्हटलं, "आता मात्र पुरं झालं नाहीद, इतकं जळू नये माणसानं."

मंग म्हणे, "अम्मी, मी सांगणार नव्हती. माह्या एकटीपुरतं होतं तोपर्यंत गिळून टाकलं. पण ती पोरगी ते घालून इथी येईल तर मी तोंड कसं दाखवू?"

आणि सांगतलं. डिसेंबरच्या सुरुवातीले ती मोजणीसाठी डोंगरावर गेली. यंत्राची तिपाई खांद्यावर, चढण उभी. आत सदरी. "चढताना इतकं गरम वाटलं अम्मी, तुह्यी आठवण आली." घाम आला. वर पोचून यंत्राजवळ उभी राह्यली, वारा सुटला, काम लांबलं. घामानं रुई भिजली होती. ती वाळलीच नाई. आंगाभोवती ओलं, मंग थंड, मंग कडक. थरथर सुटली. यंत्राचे स्क्रू फिरवायले तिनं मोठे हातमोजे काढले, ते परत घालायचं भानच राह्यलं नाई. मंग थरथर थांबली, तर तिले वाटलं आता बरं आहे. संग तिथलीच एक बाई होती, आपा म्हणते तिले, तिनं चेहरा पाहून ओळखलं. तिनं आडोशाले नेऊन सदरी उतरवली, आपला लोकरीचा झगा तिले घातला आणि कवटाळून बसली गाडी येईपर्यंत. कॅम्पात डॉक्टरनं कोमट पाण्यात हात ठेवले. रगडू देल्ले नाई.

"आता ठीक आहे मी. फक्त डाव्या हाताची दोन बोटं कळत नाई अजून. आपली नाई वाटत. डॉक्टर म्हणते, येईल हळूहळू."

जे तोंडात आलं ते बोलली. "पण रुई तर गरम असते ना वो नाहीद. दुनिया झोपते रुईत."

"कोरडी असते तेव्हा. अम्मी, मे महिन्यात तू माह्या डोक्याले दुपट्टा ओला करून बांधत होती. काऊन बांधत होती?"

ओल्या कापसानं आंग थंड पडते, वारा लागला की जास्त पडते, हे या गावात माह्यापेक्षा कोणाले जास्त माहीत आहे? मी आपल्या हातानं बांधलं होतं ते, दर उन्हाळ्यात, पिळून पिळून. तेच मी लेकीच्या छातीले बांधून बर्फात पाठवलं. साहेबानं सांगतलं होतं, पोरीनं सांगतलं होतं, आणि मी रडून जिंकली होती.

दीपालीच्या आंगातून सदरी मीच उतरवली. गुंड्या सुटेनात माह्याच्यानं. दसरूभाऊ उभाच राह्यला, "काय झालं बाई?" मी त्याले सगळं सांगतलं, काही लपवलं नाई. वाटलं होतं हा माणूस आता म्हणंल, माह्या पोरीले मारत होती का तू. तो एवढंच म्हणे, "कळलं ना वेळेवर. तुमची पोरगी बरी आहे ना?"

मंग त्यानं घोंगडी पुढं केली. "कुरमार पावसात दिवसभर हेच घेऊन राह्यते मेंढ्यांमागं. ओली झाली तरी आंग गरम राह्यते. काल सांगणार होतो, पण तुम्ही एवढं मनानं केलेलं..."

फोन चालूच होता. नाहीद ओरडली, "अम्मी, तेच पायजे! उन्हाळ्याचं सगळं उलटं कर. मे महिन्यात तू जे घालू देत नव्हती ते आत घाल."

उठली मी. गाडी संध्याकाळची होती. नाहीदची कॉलेजची कबड्डीची जर्सी पेटीत होती, चिकण्या कपड्याची. उन्हाळ्यात ती घातली की मी शिव्या देत होती. ती काढून दीपालीले देल्ली, "ही आत, आंगाले लागून. घाम ही धरत नाई." आता वरचं. मी कैची घेतली आणि थांबली. दुसऱ्याच्या मायची वस्तू.

"दसरूभाऊ, कापू का?"

"कापा ना. घोंगडी वाचवून काय करतो?"

शिलाई मशीनची सुई पहिल्याच टाक्याले तुटली. मंग गादीची मोठी सुई घेतली आणि हातानं शिवत बसली. हे माह्यासमोर बसून कापड धरत होते. रुईचे टाके मी डोळे मिटून घालते, ही लोकर मात्र प्रत्येक टाक्याले बोटं खात होती. घोंगडी मोठी, दोन सदऱ्या निघाल्या. एक दीपालीच्या आंगात, एक तिच्या बॅगेत नाहीदसाठी. उरलेल्या पट्ट्या बुटात घालायले.

स्टेशनवर दीपालीले मी सगळं म्हणून दाखवायले लावलं, पहाडे म्हणायले लावते तसं. चढताना गरम झालं तर? "काकू, घाम यायच्या आधी वरचं जाकीट उघडायचं." उभं राह्यलं की? "लगेच बंद करायचं." आत भिजलं तर? "पहिले कोरडं घालायचं, मंग काम." हातमोजे? "काढले तर गळ्यातल्या दोरीले." थरथर थांबली आणि बरं वाटलं तर? "बरं नाई समजायचं. हाक मारायची."

गाडी हलली. दसरूभाऊ तिथंच उभा राह्यला, गाडी दिसेनाशी झाली तरी.

९ जानेवारी

ह्यांच्यावर निघाला राग. "तुम्हाले महिनाभर माहीत होतं?" म्हणे, "तिनं कसम घातली होती, अम्मीले सांगू नको म्हणून." मी म्हटलं, "आणि दीपाली गेली असती तर?" म्हणे, "म्हणून तर परवा रात्री मी नाहीदले फोन केला. म्हटलं, आता तू सांग नाई तर मी सांगतो."

मले आठवलं. मशीन बिघडली, रुई संपली, लोणचं दे. सगळं माह्या डोळ्यासमोर होतं आणि मी पाह्यलं नाई. खोटं बोलता येत नाई या माणसाले, तरी मले समजलं नाई.

आज दुकानात पाय ठेवला नाई मी. तो पांढरा ढीग डोळ्यासमोर नको वाटते. हे म्हणे, "कापसावर कायले रागावते? घरात, कोरड्यात, त्याच्यासारखं काही नाई. नाहीद डोक्याखाली घेते ना सदरी." मी म्हटलं, "माह्यं मन राखायले म्हणाली असंल." हे म्हणे, "नाई. खरंच घेते. तिनं तिची उशी केली. वाळवली आणि उशी केली."

मीराबाईच्या जावयाची सदरी मात्र करून देणार आहे. तो गाडीवर बसून जाते, चढत नाई, घामेजत नाई. पण वरून वारा अडवणारं काही घाल, हे त्याले बजावून सांगीन.

१४ जानेवारी

दीपाली पोचली. पडून आहे पातळ हवेत. तिच्या गावात फोन लागत नाई, म्हणून दसरूभाऊ जवळच्या रांगी गावात येऊन दुकानातून फोन करते रोज. मी सांगते, पोरगी हसते, जेवते, ठीक आहे.

नाहीदले बोटांचं विचारायची हिंमत होत नाई. रोज फोन हातात घेते, इकडचं तिकडचं बोलते, ठेवते. ती पण काढत नाई विषय. आता हात खिशात नसते, पण दोन बोटं सरळच राह्यते. मी तिकडंच पाहत बसते आणि तिले वाटते मी तिच्याकडं पाहून राह्यली.

२० जानेवारी

आज तिनं घोंगडीची सदरी पहिल्यांदा कामावर घातली. संध्याकाळी फोन आला.

"अम्मी, काय शिवलं वो हे! मानेले टोचते, काखेत टोचते, दिवसभर टोचलं."

"टोचू दे."

"दीपाली पण खाजवून राह्यली. दोघी माकडासारख्या दिसतो."

"दिसू दे. कोरडी होती का आत?"

"कोरडी होती. गरम होती. अम्मी, ऐक ना आधी. सकाळी घालताना डाव्या हातानं गुंड्या लावत होती."

मी फोन कानाले दाबून धरला.

"बोटांले टोचलं."

"कोणत्या?"

"त्याच. एकाले नीट टोचलं. करंगळीले थोडंसं. मी परत परत लावून पाह्यलं. दीपाली म्हणे, पागल झाली का, गुंड्या लावून राह्यली आणि सोडून राह्यली."

मी ह्यांना हाक मारली. हे तसेच आले, भुवयांवर रुई, म्हणे काय झालं, काय झालं. मी म्हटलं, "लेकीले टोचून राह्यलं." त्यांना आधी काही समजलंच नाई. मंग समजलं, आणि ते खाली बसले.

सात वर्षांची होती तेव्हापासून मी तिले टोचू नये म्हणून जपलं. आज टोचलं म्हणून मी दोन रकात शुक्रान्याची नमाज पढली.